वीरगळ व गद्धेगाळ यांवरील प्राणिशिल्पे

महाराष्ट्र, गोवा आणि त्यांस लागून असलेला कन्नड प्रदेश यांत मुख्यतः इ. स. दहाव्या ते चौदाव्या शतकांत उभारलेल्या स्मृतिशिळा, दानशिला व शिवेचे दगड यांवर कोरलेल्या पशूंच्या आकृती. गाय, वासरू, घोडा, हत्ती, कुत्रा, वाघ, रानडुक्कर व गाढव हे यांतील प्रमुख प्राणी होत. या आकृती प्रामुख्याने दोन प्रकारच्या शिळांवर आढळतात : लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले ⇨ वीरगळ आणि भूमिदानाची आज्ञा मोडणाऱ्यास शापवाणी सांगणारे ⇨ गद्धेगाळ. दोन्ही प्रकारच्या शिळा बहुधा काळ्या पाषाणाच्या असून त्यांवरील आकृती अल्प उठावात कोरलेल्या असतात. गावातील मारुतीचे वा महादेवाचे देऊळ, पिंपळाचा पार, तळ्याचा काठ आणि गावाची शीव ही त्यांची नेहमीची ठिकाणे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ लेखविरहित असल्यामुळे त्यांचा काल शस्त्रे, वेशभूषा व शिल्पशैली यांवरून अनुमानाने ठरवावा लागतो. गद्धेगाळांवर मात्र पुष्कळदा लेख व शकाचा निर्देश असतो.

कोरीव लेखांचे अभ्यासक व मूर्तिविज्ञानाचे अभ्यासक यांनी या शिळांचा परामर्श घेतला असला, तरी त्यांवरील पशूंचा स्वतंत्र विचार फारसा झालेला नाही. लेखांच्या अभ्यासकांना अक्षरे महत्त्वाची वाटली, तर शिल्पाच्या अभ्यासकांना ही कामगिरी लेण्यांच्या व मंदिरांच्या तुलनेने ओबडधोबड वाटली. या दोन्ही दृष्टींमधून या शिळांवरील पशू निसटला. वस्तुतः या शिळांचा आशय समजण्यास तेथील पशू हाच पुष्कळदा सर्वांत विश्वसनीय दुवा ठरतो. शिळेवर तो कोणत्या जागी, कोणाशेजारी आणि कोणत्या लेखाखाली कोरला आहे, यावरून त्याचा अर्थ निश्चित होतो.

पिक्टिश शिळांशी तुलना : पूर्वमध्ययुगीन शिळांवरील पशूंचा विचार करताना कलेतिहासात प्रथम नाव घेतले जाते, ते स्कॉटलंडच्या उत्तर व पूर्व भागांत राहणाऱ्या पिक्ट लोकांच्या शिळांचे. ‘पिक्टाय’ (रंगविलेले लोक) हे नाव इ. स. २९७ मधील एका लॅटिन स्तुतिभाषणात प्रथम आढळते. या लोकांनी मुख्यतः सहाव्या ते नवव्या शतकांत कोरलेल्या शिळांचे जे. रॉमिली ॲलन व जोसेफ अँडरसन यांनी १९०३ मध्ये तीन वर्ग पाडले : पहिल्या वर्गात न घडविलेल्या दगडांवर केवळ चिन्हे खोदलेली असतात, दुसऱ्यात घडीव शिळेवर चिन्हांबरोबर ख्रिस्ती क्रूस असतो आणि तिसऱ्यात क्रूस असून चिन्हे नसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनावरून या चिन्हांचा आरंभ तिसऱ्या-चौथ्या शतकांपर्यंत मागे जात असावा, असे मत पुढे आले आहे. वळू, रानडुक्कर, लांडगा, हरिण, सामन मासा, गरुड, हंसकुलातील पक्षी आणि साप हे या चिन्हांतील ओळखू येणारे प्राणी. यांखेरीज लांब मुस्कट व गुंडाळलेले पाय असलेला एक काल्पनिक पशू वारंवार आढळतो व त्यास अभ्यासक ‘पिक्टिश पशू’ असेच म्हणतात. मोरे आखाताच्या काठावरील बर्गहेड येथे एकोणिसाव्या शतकात वळूंच्या सुमारे तीस शिळा सापडल्या. त्यांपैकी सहाच आज अवशिष्ट आहेत.

बर्गहेडच्या वळूत मान खाली घालून पुढे निघालेल्या जनावराचे सारे वजन मोजक्या रेषांत उतरले आहे. खांदा व मांडी येथे स्नायूंच्या दिशेने वळणाऱ्या रेषा काढून अंगातील हालचाल सुचविण्याची पिक्टिश पद्धत रेखाटनाच्या इतिहासात वाखाणली गेली आहे. परंतु या पशूंचा अर्थ मात्र हरपला आहे. चिन्हे पुष्कळदा जोडीने येतात, एवढे दिसते. ती व्यक्तींची नावे होती, कुळांची लांछने होती की पदांची निदर्शक होती, याबाबत एकमत नाही. पिक्ट लोकांची भाषा लुप्त झाली आणि चिन्हांचा उलगडा करू शकेल असा त्यांचा स्वतःचा ग्रंथ शिल्लक राहिला नाही.

दख्खनमधील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथील पशूंचे रेखाटन क्वचितच पिक्टिश वळूच्या तोडीचे आहे. पण त्यांचा अर्थ त्याच शिळेवरील लेखात, आजही बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या जुन्या रूपात, सांगितलेला आहे आणि तो अर्थ पुरविणाऱ्या काही चालीरीती अलीकडच्या काळापर्यंत लोकांच्या स्मरणात होत्या. स्कॉटलंडमध्ये रूप हाती राहिले व अर्थ गेला. येथे अर्थ हाती असून रूपाकडे दुर्लक्ष झाले. ही तुलना या दृष्टीने उद्‌बोधक ठरते.

वीरगळावरील पशू : वीरगळ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’ (वीराचा दगड) यावरून आला आहे. त्याची नेहमीची रचना तीन किंवा चार आडव्या चौकटींची असून ती खालून वर वाचावयाची असते. सर्वांत खालच्या चौकटीत वीराचे युद्ध व मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरांनी त्यास स्वर्गात नेणे आणि वरच्या चौकटीत त्याने शिवलिंगाची पूजा करणे, असा क्रम असतो. शिरोभागी चंद्र-सूर्य व कलश असतात. पशूंची जागा मुख्यतः तळच्या चौकटीत, म्हणजे जेथे धूळ, रक्त व मृत्यू आहेत तेथे, असते.

या पशूंत गाय प्रथम येते. परक्यांनी गावची गुरे पळवून नेणे व ती सोडविताना गावच्या माणसाने प्राण देणे, हा वीरगळांचा एक प्रमुख विषय आहे. महाभारताच्या विराटपर्वातील गोग्रहणाची कथा याच प्रकारच्या संघर्षाची आहे. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गुरे हेच संचित धन असल्याने या संघर्षास जीवनमरणाचे स्वरूप येई. ग्युंटर-डिट्झ सोंथायमर यांनी पश्चिम महाराष्ट्रातील धनगर-गवळ्यांच्या दैवतांचा अभ्यास करताना वीरगळ, पशुपालन आणि म्हसोबा, बिरोबा, खंडोबा यांची उपासना यांतील संबंधांकडे लक्ष वेधले. एस. सेट्टर व सोंथायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेला स्मृतिशिळांविषयीचा इंग्रजी ग्रंथ या विषयावरील एक मूलभूत ग्रंथ मानला जातो.

शिल्पकाराने गायींचा कळप दाखविण्यासाठी योजलेली युक्ती साधी आहे. तो दोन-तीन गायी बाजूने दाखवितो, एकीमागे एक किंवा एकीवर एक, आणि कधीकधी मागच्या गायींची केवळ तोंडे वा शिंगे कोरतो. चौकटीचा चिंचोळा आकार पाहता हा संक्षेप आवश्यकच होता. पण तो केवळ जागेच्या अभावाने आलेला नाही. गायींची तोंडे बहुधा एकाच दिशेला असतात आणि त्यामुळे त्या हाकून नेल्या जात आहेत, ही घटना एका दृष्टिक्षेपात कळते. आडवा पडलेला वीर, उभा शत्रू व चालत्या गायी अशा तीन दिशांनी ती चौकट उभी राहते. लेख नसतानाही पाहणाऱ्यास गोष्ट समजते, हे या रचनेचे यश होय.

गायीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. वरच्या चौकटीत जेथे लिंगपूजा दाखविलेली असते, तेथे काही वीरगळांवर नंदीही कोरलेला आढळतो. अशा शिळेवर गोवंश दोनदा येतो : तळाशी वीराने राखलेले धन म्हणून आणि शिखराशी शिवाचे वाहन म्हणून. मधल्या मृत्यूमुळे वीर जसा मानवाचा शिवगण होतो, तसे गाईचे स्थानही लौकिकातून अलौकिकात जाते. शिळा घडविणाऱ्याने हा अर्थ जाणीवपूर्वक योजला असो वा नसो, खालून वर वाचण्याच्या रचनेमुळे तो पाहणाऱ्याच्या मनात आपोआप निर्माण होतो.

घोडा वीराच्या दर्जाचा निदर्शक आहे. पायी लढणारे सैनिक लहान व घोडेस्वार मोठा, असे प्रमाण पुष्कळ शिळांवर दिसते. घोड्याचे पुढचे पाय उचललेले, मान ताठ व लगाम स्पष्ट असतो. शरीररचनेपेक्षा आविर्भावाकडे शिल्पकाराचे लक्ष असते. घोडेस्वार वीराची ही प्रतिमा व घोड्यावर बसलेल्या खंडोबाची प्रतिमा यांत इतके साम्य आहे, की काही ठिकाणी वीरगळाची खंडोबा म्हणून पूजा होऊ लागली. यास केवळ गैरसमज म्हणता येत नाही. मृत वीराचे दैवतात रूपांतर ही लोकधर्मातील जुनी प्रक्रिया असून घोडा हा तिचा एक दृश्य दुवा आहे.

हत्ती क्वचित आढळतो; कारण तो राजांच्या सैन्यातला प्राणी आहे. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांचा समूह या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये येथील सहा शिळांचे वर्णन आले आहे. त्यांवर जमिनीवरील व समुद्रावरील लढाया कोरलेल्या असून वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगांमुळे त्या विशेष प्रसिद्ध आहेत. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात सु. १२६५ मध्ये झालेल्या संघर्षाशी या शिळांचा संबंध जोडला जातो. काही अभ्यासकांनी त्या अकराव्या शतकातील मानल्या आहेत. हेमाद्रीच्या प्रशस्तीत महादेवाच्या हत्तींचा व सोमेश्वराच्या जलसमाधीचा निर्देश येत असल्याने, शिळांवरील हत्ती व जहाजे यांना पहिल्या मताच्या बाजूने पुरावा मानण्यात आले. येथे पशूची आकृती ही इतिहासाच्या पुराव्याचा भाग होते. तथापि केवळ हत्ती आहेत म्हणून ते यादवांचेच, असा निष्कर्ष काढणे सावधपणाचे ठरणार नाही. हत्ती हे कोणत्याही बलाढ्य सैन्याचे सर्वमान्य चिन्हही असू शकते.

कुत्र्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील होय. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याने ९४९ मध्ये तक्कोलम येथे चोल युवराज राजादित्याचा पराभव केला. त्या युद्धात कृष्णाच्या बाजूने लढणाऱ्या गंग राजा बूतुग याने आपला सेवक मणलेर याच्यावर प्रसन्न होऊन त्यास इच्छिलेले मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने बूतुगाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना कुत्रा व डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्यासाठी आतकूरच्या देवळापुढे ही शिळा उभारण्यात आली आणि तिच्या पूजेसाठी जमीन देण्यात आली. शिळेवर कुत्रा व रानडुक्कर परस्परांना भिडलेले दाखविले आहेत. दोन्ही आकृती ठळक व अलंकरणरहित आहेत. साम्राज्याच्या मोठ्या विजयाची वार्ता आणि एका कुत्र्याचा मृत्यू या दोहोंना एकाच लेखात स्थान मिळाले आहे आणि चित्राचा मान मात्र कुत्र्यालाच देण्यात आला आहे. पिक्टिश शिळांवरील रानडुक्कर कोणाचे चिन्ह आहे हे आज सांगता येत नाही. आतकूरच्या डुकराची मात्र सारी हकीकत लेखातच नमूद आहे.

गोव्यातील कदंबकालीन वीरगळांत जहाजांची शिल्पे व घोडेस्वार हे विशेष आढळतात; त्यांचे नमुने जुन्या गोव्यातील पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. सिंह हे गोव्याच्या कदंबांचे राजलांछन असून ते त्यांच्या नाण्यांवरही आहे. येथे सिंह प्रत्यक्ष पशू म्हणून येत नाही, राजसत्तेची मुद्रा म्हणून येतो. उत्तर कोकणातील वारल्यांच्या वाघदेवाच्या फळ्या व दगड हे पुष्कळ नंतरचे व निराळ्या परंपरेतील असले, तरी वाघाबरोबर चंद्र-सूर्य कोरण्याची त्यांतील पद्धत या जुन्या शिळांशी नाते सांगते.

दानशिलांवरील गाय व गाढव : भूमिदानाच्या शिळांवर दोन पशू परस्परविरोधी अर्थाने येतात. वासराला पाजणारी गाय असलेल्या शिळेस धेनुगळ म्हणतात. दान दिलेली भूमी गाईप्रमाणे दूध देणारी आहे आणि दानाचे रक्षण करणाऱ्यास पुण्य आहे, हा तिचा भावार्थ. याच्या उलट गद्धेगाळावर गाढव व स्त्री यांच्या समागमाचे दृश्य असते. दान हिरावून घेणाऱ्याच्या मातेविषयीची ती शिवी आहे. ‘गाळ’ या शब्दाचा संबंध काहींनी कन्नड ‘कल्लु’ (दगड) याच्याशी, तर काहींनी ‘गाळी’ (शिवी) या शब्दाशी जोडला आहे. या शिळेची रचना ठराविक असते : वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख व खाली गाढवाचे शिल्प. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावे, हा वरच्या भागाचा अर्थ. ते चालू न दिल्यास काय होईल, हे खालचा भाग सांगतो.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राज्यात या शिळांचे प्रमाण विशेष होते. दुसऱ्या अपरादित्याच्या काळातील परळ (मुंबई) येथील शके ११०८ (इ. स. ११८७) चा लेख हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यातील दानाचा मजकूर संस्कृतात असून अखेरची शापवाणी मराठीत आहे आणि तिच्याखाली गाढवाचे शिल्प आहे. उरणजवळच्या रानवड (शके ११८१) व चांजे (शके ११८२) येथील सोमेश्वराच्या लेखांतही याच स्वरूपाची शापवाणी येते. पुढे राजवटी बदलल्या, तरी प्रथा टिकली. अलिबागजवळील नागाव येथील शके १२८९ (इ. स. १३६७) च्या लेखात हिजरी सनाचा निर्देश आहे आणि तोही याच परंपरेतील मानला जातो. गुजरात, राजस्थान व बिहार येथेही अशा शिळा आढळल्या आहेत.

परळच्या शिळेची रचना चिकित्सक दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत एकच आज्ञा तीन पातळ्यांवर सांगितली आहे : राजसभेतील विद्वानांसाठी संस्कृतात, गावातील अक्षरओळख असणाऱ्यांसाठी मराठीत आणि कोणत्याच लिपीशी संबंध नसलेल्यांसाठी चित्रात. जसजसे खाली यावे, तसतशी भाषा रोखठोक होत जाते. संस्कृत दानपत्रांतील पारंपरिक श्लोक भूमी हरण करणाऱ्यास पुढील जन्मी विष्ठेतील कृमी होण्याचे भय घालतात; गाढवाचे शिल्प मात्र परलोकाची वाट न पाहता चारचौघांत अब्रू घेते. शिल्पास अश्लील म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी त्याचे हे विधिविषयक कार्य ध्यानात घेतलेले नाही. ते शृंगारशिल्प नव्हे. मंदिरांवरील मिथुनशिल्पांशी त्याची तुलना करणे अप्रस्तुत आहे. तो दानपत्राचाच, दंडाचा व शिक्क्याचा भाग आहे.

गाढवच का निवडले, याविषयी दोन प्रकारची स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार गाढव हा हीन मानलेला पशू असल्याने शिवीसाठी तो योग्य ठरला. दुसऱ्यानुसार स्त्री ही भूमीचे प्रतीक असून गाढवाचा संबंध भूमी नापीक करण्याच्या कृत्याशी आहे. जिंकलेल्या शत्रूच्या नगरावर गाढवाचा नांगर फिरविण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे : खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख आढळतो. या प्रथेची महाराष्ट्रातील सर्वपरिचित आठवण पुण्याची आहे. १६३० मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्‌ध्वस्त करून तेथे गाढवाचा नांगर फिरविला आणि पुढे जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली सोन्याच्या फाळाचा नांगर धरून ती भूमी पुन्हा वसविण्यात आली, असे परंपरा सांगते. नांगराची ही दोन्ही कृत्ये गद्धेगाळ व धेनुगळ यांच्या जोडीशी जुळणारी आहेत : एकाने भूमी शापित होते, दुसऱ्याने ती पुन्हा सुफल होते. यावरून गाढवाच्या चिन्हाचा हा अर्थ सतराव्या शतकातील पुण्यातही जिवंत होता, असे म्हणता येते.

भूमीच्या प्रतीकाचे हे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी त्यामुळे शिळेवरील प्रत्यक्ष आशय झाकला जाऊ नये. लेखांतील शापवाणी भूमीविषयी बोलत नाही. ती अपराध्याच्या मातेविषयी बोलते. आज्ञा मोडणारा पुरुष असतो, दान देणारा व घेणारा बहुधा पुरुषच असतो, पण विटंबना होते ती ज्या स्त्रीने काही केलेले नाही तिची. पुरुषाची प्रतिष्ठा त्याच्या घरातील स्त्रीच्या शरीरात साठविलेली असते, ही समजूत या शिळेने राजाज्ञेच्या दर्जाला नेली आहे. प्रतीकवादी अर्थ व हा सामाजिक अर्थ परस्परांना छेद देत नाहीत. परंतु पहिल्याचा आधार घेऊन दुसरा टाळणे, हा या विषयावरील लेखनातील एक दोष होय.

शैली : या शिळा घडविणारे पाथरवट कोण होते, हे त्यांच्या नावांनिशी क्वचितच कळते. लेण्यांच्या व मंदिरांच्या कामास जे धन, अवधी व देखरेख लाभे, ती त्यांना लाभली नव्हती. कार्ले येथील स्तंभशीर्षांवरील हत्ती-घोडे, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील चार देह व एकच मस्तक असलेली हरिणे किंवा वेरूळच्या कैलास लेण्यातील हत्ती यांच्याशी वीरगळावरील गाईची तुलना करून तिला हीन ठरविणे सोपे आहे. पण ती तुलना न्याय्य नाही. मंदिरातील हत्ती दगडातून पूर्णांशाने बाहेर येतो व त्याच्याभोवती फिरता येते. वीरगळावरील गाय एका वीतभर पट्टीत, लांबून, चालता चालता ओळखू यावी लागते. बेसाल्टसारख्या कठीण व काही ठिकाणी सच्छिद्र दगडात बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून शिल्पकार बाह्यरेषेवर भर देतो व ज्या अवयवाने पशू ओळखला जातो तो मोठा करतो : गाईचे वशिंड व शिंगे, घोड्याची मान, हत्तीची सोंड, गाढवाचे कान. गद्धेगाळावर कित्येकदा पशूचे बाकीचे शरीर घोड्याचे की कुत्र्याचे हे सांगता येत नाही. तथापि कान लांब आहेत एवढे दिसले की शिळेचा हेतू सफल होतो. या अर्थाने हे कान लिपीतील अक्षरासारखे आहेत.

यातून येणारी मर्यादाही मान्य केली पाहिजे. एकदा ठरलेली आकृती पिढ्यान्‌पिढ्या गिरविली गेल्याने अनेक शिळांवरील पशू निर्जीव झाले आहेत. जेथे शिल्पकाराने प्रत्यक्ष पाहिलेले काही त्यात मिसळले, उदा., मागे वळून वासराला चाटणारी गाय किंवा पुढचे पाय रोवून डुकराला अडविणारा कुत्रा, तेथे मात्र साचा मोडून आकृती सजीव होते. पिक्टिश शिल्पकारही ठराविक साचेच वापरीत. परंतु त्यांच्या साच्यात जनावराच्या चालीचे निरीक्षण मुळातच सामावलेले होते. दख्खनच्या शिळांत असे निरीक्षण अपवादाने येते. हा फरक कौशल्याचा जितका आहे, तितकाच हेतूचाही आहे : एकीकडे चिन्ह एकटे उभे असते व सारा भार त्याच्या रूपावर पडतो, तर दुसरीकडे ते कथेतील किंवा आज्ञेतील एक शब्द असते.

अभ्यास व जतन : शं. गो. तुळपुळे यांचा प्राचीन मराठी कोरीव लेख हा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आणि वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला शिलाहारांच्या लेखांचा १९७७ मधील खंड यांमुळे दानशिलांवरील मजकूर विश्वसनीय स्वरूपात उपलब्ध झाला. आक्षी (रायगड जिल्हा) येथील लेखाचा काल शके ९३४ की त्यापुढचा आणि तो मराठीतील आद्य लेख म्हणावा की नाही, यांसारख्या प्रश्नांवर बरीच चर्चा झाली. मात्र शिल्पाची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाई. लेखांचे ठसे घेताना अक्षरांचा भाग घेतला जाई व चित्राचा भाग वगळला जाई. त्यामुळे ज्या शिळा पुढे नष्ट झाल्या, त्यांचे शब्द राहिले व पशू गेले. अलीकडच्या काळात गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी वीरगळ व गद्धेगाळ यांची छायाचित्रे व स्थाननोंदी करण्यास आरंभ केला असून त्यामुळे या उणिवेची काही अंशी भरपाई होत आहे.

या शिळांना असलेला धोका तीन प्रकारचा आहे. काही शिळा शेंदूर व तेलरंगाच्या थरांखाली दिसेनाशा झाल्या आहेत. काही गद्धेगाळ अश्लील म्हणून पालथे घातले गेले किंवा पुरले गेले. आणि काही पायरी, धुण्याचा दगड वा बांधकामातील दगड म्हणून वापरले गेले. यांपैकी पूजेमुळे होणारा बदल सर्वस्वी हानिकारक नसतो. गद्धेगाळाची गावदेवी म्हणून पूजा होते तेव्हा मूळ अर्थ पुसला जातो, पण दगड वाचतो.

सर्वांत मोठा धोका मात्र जागेचा संबंध तुटण्याचा आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत पुणे परिसराचा ‘पुण्य’ व ‘पूनक’ विषय (प्रादेशिक विभाग) म्हणून निर्देश आहे. म्हणजे गावांच्या चतुःसीमा सांगून जमिनी देण्याची व्यवस्था या भागात बारा शतकांपूर्वी रुजलेली होती. त्या व्यवस्थेत शीव हा गावाच्या अस्तित्वाचा आधार होता. पुणे शहराच्या दक्षिणेकडील बिबवेवाडी, धनकवडी व कात्रज ही एके काळची शेतीची गावे विसाव्या शतकात शहरात सामावली गेली. बिबवेवाडीची शीव कोठे संपते व धनकवडीची कोठे सुरू होते, हे आज रस्त्यावरील पाट्यांवरून कळते. ती जमिनीवर दाखविणारा बांध, ओढा किंवा दगड यांना व्यवहारात स्थान उरलेले नाही. वाढत्या शहरांच्या कडेवरील सर्वच गावांची ही स्थिती आहे. अशा गावातील शिवेचा दगड रस्ता रुंद करताना उचलून देवळाच्या आवारात ठेवला, तर तो शिल्प म्हणून सुरक्षित राहतो, पण तो कोणती जमीन राखीत होता हे कायमचे अज्ञात होते. म्हणून दगड हलविण्यापूर्वी त्याचे मूळ स्थान, त्याच्या तोंडाची दिशा आणि त्याविषयी गावात सांगितली जाणारी माहिती यांची नोंद होणे अगत्याचे आहे. वस्तुसंग्रहालयांतील वीरगळांच्या बाबतीतही शिळा कोठून आली, हे सांगणारी नोंद हा शिल्पाचाच एक भाग मानला पाहिजे.

मूल्यमापन : दख्खनच्या या शिळांवरील पशू सौंदर्यदृष्ट्या भारतीय शिल्पकलेच्या शिखरांपैकी नव्हेत. त्यांचे मोल निराळे आहे. राजांनी मंदिरांवर जे पशू कोरविले ते देवांची वाहने, दिशांचे रक्षक किंवा अलंकरणाचे घटक म्हणून आले. वीरगळ व गद्धेगाळ यांवरील पशू मात्र ज्यांच्याबरोबर गावकरी राहत, ज्यांच्यासाठी ते मरत आणि ज्यांच्या नावाने ते शिव्या देत, ते आहेत. गाईत त्यांचे धन आहे, घोड्यात महत्त्वाकांक्षा आहे, कुत्र्यात निष्ठा आहे आणि गाढवात भय व अवहेलना आहे. मध्ययुगीन ग्रामजीवनाचा इतका प्रत्यक्ष व सर्वदूर पसरलेला दृश्य पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. पिक्टिश शिळांच्या अभ्यासकांपुढे पशू आहेत व त्यांना बोलते करणारी भाषा नाही. महाराष्ट्रात ती भाषा, त्या प्रथांची स्मृती व त्या शिळा या तिन्ही गोष्टी अद्याप एकत्र आहेत. त्यांपैकी एखादी जरी निसटली, तरी उरलेल्या दोहोंचा अर्थ अपुरा राहील आणि येथील गाय व गाढव हेही बर्गहेडच्या वळूप्रमाणे केवळ पाहण्यापुरते उरतील.